विहारातले जुने टेबल भंगारात घालण्याआधी: खडू-रंग, थोडा खर्च आणि आपले हात

१४ एप्रिल जवळ आली किंवा वर्षावास तोंडावर आला की वस्त्यावस्त्यांतल्या विहारांना रंग लागतो. भिंती उजळतात, निळी किनार नव्याने ओढली जाते आणि त्याच आठवड्यात आतली जुनी टेबले, बाक, कपाटे हातगाडीवर चढून भंगारात जातात. त्यांच्या जागी दानाच्या पैशातून भुशाच्या फळ्यांचे चकचकीत फर्निचर येते. दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात, बिजागऱ्या निसटतात आणि समिती पुन्हा वर्गणीचे पुस्तक काढते. भंगारात गेलेले टेबल मात्र बहुतेक वेळा सागवानाचे किंवा बाभळीचे असते. त्याला हवा असतो एक खिळा, थोडा फेव्हिकॉल आणि रंगाचे दोन हात.

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरातला (औरंगाबादेतला) पुस्तकांचा आणि विद्यार्थ्यांचा भाग. महात्मा फुल्यांच्या पुतळ्याच्या आसपास स्पर्धा परीक्षांची पुस्तके घ्यायला मराठवाड्याच्या गावागावांतून मुले-मुली येतात. पुस्तक मिळते, पण ते उघडून बसायला जागा मिळत नाही. खोलीत तिघे-चौघे राहतात, घरी एकच पंखा आणि एकच दिवा. म्हणून अनेक विहारांनी अभ्यासिका सुरू केल्या, आणि प्रत्येक अभ्यासिका एकाच ठिकाणी अडते: टेबल-खुर्च्या. या लेखात आम्ही एक स्वस्त आणि तरुणांच्या हाताला सहज जमणारा मार्ग समजावून देत आहोत. जुने लाकडी सामान दुरुस्त करायचे आणि घरी बनवलेल्या खडू-रंगाने, म्हणजे ज्याला बाजारात चॉक पेंट म्हणतात त्याने, रंगवायचे.

हे काम साधे का नाही

बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते आणि संध्याकाळी ते परत आणावे लागत होते, हे आपण प्रत्येक जयंतीला ऐकतो. बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, हेही ऐकतो. गावात मालकासमोर बाजेवर बसायची मुभा नसलेली माणसे आजही आपल्या घरात म्हाताऱ्या झालेल्या आहेत. कोण कुठे बसतो, कोणाच्या पुढ्यात टेबल आहे आणि कोणाच्या पुढ्यात जमीन, हा आपल्याकडे कधीच केवळ सामानाचा प्रश्न नव्हता. म्हणून अभ्यासिकेतले एक धड टेबल म्हणजे दिखाऊपणा नव्हे. दानाचे पैसे टिकणाऱ्या गोष्टीवर खर्च होतात की फुगणाऱ्या फळीवर, हा प्रश्न सुद्धा तितकाच महत्त्वाचा.

खडू-रंग म्हणजे काय

नाव नवे, युक्ती जुनी. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ॲनी स्लोन यांनी 'चॉक पेंट' या नावाने फर्निचरसाठी रंग बाजारात आणला. तो जुन्या पॉलिशवरही चिकटतो, वाळल्यावर चमकत नाही आणि हाताला मऊ, खडूसारखा लागतो. आपल्याकडे मिळणाऱ्या तशा रंगांच्या छोट्या बाटल्या हौशी माणसाला परवडतात, दहा टेबलांच्या अभ्यासिकेला परवडत नाहीत.

त्यामागचे शास्त्र मात्र आपल्या घरातलेच आहे. कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा चिकट घटक आणि पातळ करणारे पाणी किंवा तेल. त्यात खडूची किंवा जिप्समची पावडर जास्त घातली की चिकट घटकाच्या तुलनेत पावडर वाढते. पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र होतो, म्हणून चमक जाते आणि पुढचा हात घट्ट धरतो. चुन्यात डिंक किंवा सरस घालून आपल्या आज्या भिंती सारवत, डिस्टेंपरमध्येही खडूच असतो. सगळी एकाच घराण्यातली मंडळी. तोटाही यातूनच येतो. सच्छिद्र थर पाणी, चहा आणि घाम शोषतो. म्हणून खडू-रंगावर संरक्षक थर दिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, आणि बहुतेकांचे काम इथेच फसते.

आधी लाकूड ओळखा

सामान विहारात नसेल तर ते शोधावे लागते. रविवारी जाफर गेटचा आणि गुरुवारी छावणीचा बाजार भरतो, तिथे जुन्या वस्तू पाहता येतात. शाळा, कार्यालये जुने सामान काढतात, नातेवाईक घर बदलतात. घेण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहा. फळीच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खाली सलग गेल्या असतील तर अखंड लाकूड. कडेला थर दिसले तर प्लायवूड, तेही चालते. कडेला भुसा दाबल्यासारखा दिसला आणि कोपरा फुगलेला असला तर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

टेबल दोन्ही हातांनी हलवा. डुगडुगले तर घाबरायचे कारण नाही, सांधा सैल झाला आहे, तो पुन्हा बसतो. पण लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत कीड जिवंत आहे. अशी वस्तू पुस्तकांच्या खोलीत आणू नका. हार्डवेअरच्या दुकानातले कीडनाशक डबीवरच्या सूचनेप्रमाणे छिद्रांत सोडा, काही आठवडे वेगळी ठेवा आणि नवी भुकटी पडत नाही याची खात्री करा. लाकूड बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर ते भाग सोडून द्या.

रंगाआधीचे काम: वेळ इथे घालवा

चॉक पेंटच्या जाहिराती सांगतात की घासायची गरज नाही. आपल्या विहारातल्या सामानाला हे लागू पडत नाही. तिथल्या टेबलांवर वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांचे मेण, अगरबत्तीची काजळी आणि हातांचे तेल बसलेले असते. मेणावर कोणताच रंग धरत नाही. आधी बोथट सुरीने मेण खरवडा, उरलेल्यावर जुना कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण शोषून घेतो. मग साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि एक दिवस सावलीत वाळू द्या.

नंतर सांधे. सैल पाय ओढून काढा, जुना सरस खरवडा, फेव्हिकॉल लावून बसवा आणि सुतळीने आवळून रात्रभर ठेवा. नुसता खिळा ठोकला की लाकूड चिरते आणि सांधा पुन्हा ढिला होतो. खड्डे आणि चिरा लांबीने भरा. रंगाच्या दुकानात लाकडाची तयार लांबी मिळते, किंवा लाकडाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल कालवूनही काम भागते.

मग घासणे. चमकदार ऑइलपेंट असेल तर ८० किंवा १०० नंबरचा सँडपेपर, शेवटी १५० किंवा १८०. सगळा जुना रंग काढायचा नाही, फक्त चमक मारायची. इथे एक गंभीर सूचना. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून जास्त असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर घ्या, तोंडाला चांगला मास्क बांधा, काम बाहेर करा, खाली जुने प्लॅस्टिक पसरा आणि लहान मुलांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका. झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने गोळा करा. रंग पापुद्र्यांनी निघत असेल आणि घरात बालवाडी भरत असेल तर ती वस्तू सोडून दुसरी घ्या.

जुन्या लाल पॉलिशच्या वस्तूंवर आणखी एक अडचण येते. पांढरा किंवा फिकट रंग दिल्यावर दुसऱ्या दिवशी गुलाबी-तपकिरी डाग वर येतात. कितीही हात दिले तरी ते येत राहतात, कारण पाण्याचा रंग खालचा डाग विरघळवून वर ओढतो. उपाय सोपा: आधी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात द्या. पाण्यात न विरघळणारा हा पडदा डाग अडवतो.

रंग बनवण्याची पद्धत

सर्वात स्वस्त रंग विहाराच्या भिंती रंगवून झाल्यावर बादलीच्या तळाशी उरलेला असतो. तो इमल्शन असला पाहिजे. डिस्टेंपरमध्ये चिकटपणा कमी असतो, तो हाताला लागतो. ऑइलपेंट पाण्यात मिसळत नाही. इमल्शनची डबी नवी घ्यायची असेल तर पांढरी घ्या आणि छटेसाठी स्टेनरची छोटी बाटली.

प्रमाण मापाने धरा: ३ भाग इमल्शन, १ भाग पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, १ भाग पाणी. उदाहरणार्थ ३०० मिली रंग, १०० मिली मापाची पीओपी आणि १०० मिली पाणी. आधी पीओपी चाळा, मग पाण्यात टाकून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि लगेच ते रंगात ओता. पीओपी कोरडी थेट रंगात टाकली की गुठळ्या राहतात आणि टेबलावर वाळूसारखी खरखर येते. पीओपी पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, म्हणून तेवढेच कालवा जेवढे तासा-दोन तासांत संपेल. घट्ट होऊ लागले तर पाणी ओतून वाचवू नका, नवे कालवा. उरलेले गटारात ओतू नका, पाइपात दगड होतो. कागदावर वाळवून कचऱ्यात टाका.

ज्यांना रंग दोन-चार दिवस ठेवायचा आहे त्यांनी पीओपीऐवजी खडूची पावडर घ्यावी. रंगाच्या दुकानात ती व्हायटिंग किंवा चॉक पावडर नावाने सुटी मिळते. ती पाण्याने घट्ट होत नाही. दोन्ही पावडरी पांढऱ्या असल्याने छटा फिकट होते, म्हणून टाकाऊ फळीवर एक पट्टा ओढून वाळल्यावर पाहा.

रंग निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. ट्यूबलाइटखाली चकचकीत टेबल डोळ्यांवर उजेड फेकते. खडू-रंगाचा खरा फायदा इथे आहे, त्याचा पृष्ठभाग चमकत नाही आणि तासन्‌तास वाचणाऱ्याला बरे वाटते. वरची फळी फिकट राखाडी किंवा मलई रंगाची ठेवा, पायांना निळा द्या. निळा आपला रंग खराच, पण गडद निळ्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेले नीट दिसत नाही.

रंग देणे

पहिला हात पातळ आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने. तो डागाळलेला दिसणारच, घाबरू नका. दोन तासांनी बारीक, २२० नंबरच्या सँडपेपरने हलके घासा, पुसा आणि दुसरा हात द्या. दोन हात पुरतात, फार गडदावरून फार फिकटाकडे जायचे असेल तर तीन. मे महिन्याच्या दुपारी मराठवाड्यात रंग ब्रश उचलायच्या आत वाळतो आणि फटकारे तसेच राहतात. म्हणून सकाळी किंवा पाचनंतर, सावलीत काम करा. पावसाळ्यात उलट: दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या.

शेवटी वरचा थर. चॉक पेंटवर मेण लावायची पद्धत प्रसिद्ध आहे. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले मधमाशीचे मेण फडक्याने चोळले की मऊ, सुंदर पोत येतो. कपाट, पुस्तकांची मांडणी, फोटोचे स्टँड यांना ते छान शोभते. पण जिथे पाण्याची बाटली, चहाचा कप आणि घामेजले हात रोज येणार त्या टेबलाला मेण पुरत नाही. त्यावर पाण्यात मिसळणारे पारदर्शक मॅट वार्निश दोन पातळ हात द्या. तेलाचे वार्निश फिकट रंगावर पिवळे पडते. हाताला दुसऱ्या दिवशी कोरडे वाटले तरी थर पूर्ण कठीण व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर टेबल वापरा, पण जड पेट्या किंवा गरम भांडे ठेवू नका आणि ओल्या फडक्याने घासू नका.

खर्चाचा हिशेब

चार बाय दोन फुटांची वरची फळी म्हणजे ८ चौरस फूट. पाय आणि कडा धरून एका टेबलाला २० ते २५ चौरस फूट रंगवायचे असते, दोन हातांचे ५० धरा. वर सांगितलेले साधारण अर्धा लिटर मिश्रण त्याला पुरते. इमल्शन उरलेले असेल तर विकत घ्यायचे राहते ते असे: किलोभर पीओपी, सँडपेपरचे चार-पाच कागद, एक ब्रश, फेव्हिकॉलची छोटी बाटली, थोडी लांबी आणि पाव लिटर वार्निश. भाव दुकानागणिक बदलतात, पण एका टेबलाला चार-पाचशे रुपयांच्या आसपास धरून चला. दहा टेबले एकदम केली तर ब्रश, पीओपी, लांबी सगळे वाटून जाते आणि दर टेबलामागचा खर्च खाली येतो. सुतार मिस्त्रीची मजुरी यात वेगळी धरा.

हा हिशेब कागदावर लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. दानाचा प्रत्येक रुपया कुठे गेला हे दिसले की पुढच्या वेळी लोक पैशासोबत वेळही देतात.

काय रंगवू नये

खडू-रंग एकदा दिला की मूळ लाकूड पुन्हा जसेच्या तसे मिळत नाही. म्हणून हातात ब्रश घेण्याआधी विचारा: ही वस्तू कोणाची होती?

या बाबतीत धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे जपावीत म्हणून निजाम सरकारने १९२० ते १९२२ च्या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. हेतू चांगला होता. पण वार्निश काळाने पिवळे-तपकिरी पडले, चित्रांचे मूळ रंग झाकोळले आणि पुढे पुरातत्त्व खात्याला ते काढण्यासाठी फार कष्ट घ्यावे लागले. रक्षणासाठी दिलेला थरच नुकसान करून गेला.

आपल्या वस्त्यांत १९५६ च्या धम्मदीक्षेच्या पिढीतल्या वस्तू अजून आहेत: पहिल्या बुद्धवंदनेचे चौरंग, आंबेडकरी जलशाची पेटी, रात्रशाळेचे बाक, जुन्या कार्यकर्त्याचे लिहायचे टेबल. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. पण सामान्य माणसांच्या चळवळीच्या वस्तूंना संग्रहालय नाही, त्यांची जबाबदारी आपलीच. अशा वस्तूला रंग देऊ नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा, कोणाची, कधीची, कोणी सांगितले हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. त्यावरची शाईची डागी आणि कोरलेली नावे हाही इतिहास आहे. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये छावणीतल्या जागेत सुरू झाले. त्या पहिल्या पिढीच्या घरी एखादी जुनी खुर्ची असेल तर ती भंगारवाल्याकडे जाण्याआधी आजोबांशी बोला.

शिवाय चांगल्या स्थितीतले शिसम किंवा सागवान रंगाखाली झाकण्यात अर्थ नाही. त्याला लाखेच्या पॉलिशचा एक हात पुरतो. लोखंडी कपाटालाही हा रंग नको, त्याला रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि धातूचा रंग लागतो.

हात कोणाचे

जात ही फक्त कामाची वाटणी नसून कामगारांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात मांडले. या वाटणीने लाकडाचे काम एका जातीचे, चामड्याचे दुसऱ्या जातीचे आणि झाडण्याचे तिसऱ्या जातीचे ठरवले, आणि हाताने काम करणाऱ्या सगळ्यांनाच खाली बसवले. शिकलेल्या तरुणाने रंधा, पटाशी आणि सँडपेपर हातात घेणे ही म्हणून छोटी गोष्ट नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाळा. एक दिवस सुतार मिस्त्रीला बोलवा, सांधा कसा बसवायचा ते शिकून घ्या आणि पूर्ण मजुरी द्या. 'समाजाचे काम आहे, कमी घ्या' असे त्यांना म्हणू नका.

आपल्या शिबिरांत दिसणारी आणखी एक वाटणी मोडायची आहे. मुलांनी करवत धरायची आणि मुलींनी धूळ पुसायची, चहा करायचा, असे होऊ देऊ नका. कामांच्या चिठ्ठ्या टाका. घासणे, रंग कालवणे, चहा, साफसफाई, हिशेब लिहिणे, सगळे फिरते ठेवा.

दोन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी निवड, धुणे, सांधे आणि लांबी. आठवडाभर वाळू द्या. दुसऱ्या रविवारी सकाळी पहिला हात, संध्याकाळी दुसरा, सोमवारी-मंगळवारी वार्निश. येत्या वर्षावासाआधी विहाराच्या मागच्या खोलीत काय पडले आहे ते एकदा उजेडात आणून पाहा, आणि भंगाराची हातगाडी बोलावण्याआधी त्यातले किती वाचवता येईल ते ठरवा.

जय भीम, नमो बुद्धाय.